मुखपृष्ठावरचा गुलमोहर

इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी तळटिपा असतात. मुखपृष्ठाला मात्र तळटीप नसते. सगळा घोटाळा तिथेच होतो.

आमचे नाना इतिहासाचे पक्के. तिथी आणि तारखेचा मेळ घालता घालता जेवण विसरणारे. प्रतापगडच्या प्रसंगावरच्या पुस्तकासाठी ते सहा वर्षे खपले. शेवटी मुखपृष्ठ हातात आले. शामियाना, खान, महाराज, सगळे जागच्या जागी; आणि वर लालभडक फुललेला गुलमोहर!

नाना मटकन खाली बसले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. युरोपियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस तो पडला १८२० च्या दशकात. आपल्याकडे आला त्यानंतर. खानाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची.

"बरं, आलाही असता एखादा चुकून," नाना म्हणाले, "पण तो फुलतो वैशाखात. ही भेट मार्गशीर्षातली!"

नानांना घेऊन मी चित्रकाराकडे गेलो. माणूस भला. म्हणाला, "नाना, मला फक्त पुस्तकाचं नाव कळवतात आणि शुक्रवारपर्यंत द्या म्हणतात. वाचायला सवड कुठली? मागलं कव्हर समोर ठेवतो आणि काढतो. शिवाय लाल रंगाशिवाय पुस्तक स्टॉलवर उठत नाही हो! रक्त नको, असं प्रकाशक म्हणाले. मग गुलमोहर घातला."

"मागल्या कव्हरवर काय होतं?" मी विचारले.

त्याने काढून दाखवले. घोड्यावर महाराज, आणि पाठीमागे शनिवारवाडा! महाराज गेले १६८० साली, वाड्याचे बांधकाम सुरू झाले १७३० साली. मला हसू आवरेना.

नाना हसले नाहीत. "एके काळी महाराजांचा चेहरासुद्धा असाच चालत आला होता," ते म्हणाले. "इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जाई. १९३३ साली वा. सी. बेंद्र्यांनी खरं चित्र पुढे आणलं, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले. अहो, आतली चूक वाचणाऱ्यालाच बाधते. कव्हर रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण वाचतो!"

पण कव्हरे छापून झाली होती, आणि कागद काही फुकट येत नाही. गुलमोहर राहिला. नानांनी प्रस्तावनेत खुलाशाची एक ओळ घातली. प्रस्तावना कोण वाचतो, हे त्यांना कोणी सांगायचे?

पुढल्या वर्षी एका शाळेने चित्रकला स्पर्धा ठेवली. विषय 'प्रतापगड', परीक्षक नाना. एका चिमुरडीच्या चित्रात शामियान्यावर गुलमोहर डवरला होता.

"बाळ, तेव्हा हे झाड आपल्याकडे नव्हतं," नाना मायेने म्हणाले.

"असं कसं आजोबा?" ती म्हणाली. "मी तुमच्याच पुस्तकावर बघून काढलंय!"

नानांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुढचे चित्र मागितले.