दिवाळखोराची चूल

आमच्या घरी जप्ती आली ती १९७९ साली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात अब्बांचे कापडाचे छोटे दुकान होते आणि ओट्यावर शिलाई मशीन. उधारीवर नेलेले कापड लोकांनी अंगावर घातले, पैसे मात्र राहिले. ज्या व्यापाऱ्याकडून माल येई तो कोर्टात गेला आणि एका सकाळी बेलीफ दोन पंच घेऊन दारात उभा राहिला.

लाकडी कपाट, दोन खुर्च्या, सायकल, भिंतीवरचे घड्याळ आणि रेडिओ, एवढे कागदावर चढले. सगळेच जाणार असे समजून अम्माने देगची, तवा, परात, तांबे आपणहून ओट्यावर आणून मांडले. बेलीफ म्हणाला, “भाभी, ही आत घ्या. ही आम्हाला धरता येत नाहीत.” शिलाई मशीनही त्याने लिहिले नाही. मग त्याची नजर अम्माच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडे गेली. पोतीत सोन्याचे चार मणी होते. त्याने मान खाली घातली आणि पंचनाम्यावर सह्या घेतल्या.

तो माणूस दयाळू होता असे मी बरीच वर्षे समजत होतो. पुढे बी.ए.ला असताना वकिलीच्या वर्गातल्या एका मित्राच्या पुस्तकात १९०८ चा दिवाणी प्रक्रिया संहितेचा कायदा पाहिला. त्याच्या कलम ६० मध्ये आमचे घर जसेच्या तसे होते. कर्जदाराचे, त्याच्या बायकोमुलांचे गरजेपुरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे धरता येत नाही. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिनेही नाहीत. काळी पोत ही आमच्याकडे दखनची रीत आहे, धर्माचा तसा हुकूम नाही. म्हणजे वाद घालायला जागा होती. बेलीफाने तो घातला नाही, एवढी दया मात्र त्याच्या खात्यावर मी अजून ठेवली आहे.

हा कायदा येण्यापूर्वी काय होते? दिवाळे या शब्दाबद्दल असे सांगतात, की बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, म्हणजे पेठेला कळे. आणि धरणे हा शब्द आज आपण मोर्च्याबरोबर वापरतो, तो मूळचा सावकाराचा. सावकार कर्जदाराच्या उंबऱ्यावर उपाशी बसे. तो जेवत नाही तोवर घरातल्यांनीही जेवायचे नाही, असा रिवाज. वसुलीचे शस्त्र होते ते बंद पडलेली चूल. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दारात धरणे धरणारा माणूसच दाखवला होता.

इंग्रजी कोर्टे आली आणि उंबऱ्यावरचा सावकार उठून कचेरीत गेला. कुणबी मात्र अधिकच अडकला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे बाहेर काढून जाळले आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत पुढे कित्येक वर्षे घालवली. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. त्यातली आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. कर्ज फेडण्यासाठी कर्जदाराची जमीन कलेक्टरने जास्तीत जास्त सात वर्षे ताब्यात घ्यावी. पण कर्जदाराच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या पोटासाठी लागणार नाही, तेवढीच. म्हणजे आधी खाणारी तोंडे मोजा, मग जमीन मोजा. हिशेबाचा क्रमच उलटा झाला.

हा विचार फक्त विलायतेहून आला असे कोणी समजू नये. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या हनफी कायद्याच्या ग्रंथात दिवाळखोराच्या अंगावर कपड्यांचा किती जोड ठेवावा याची चर्चा आहे. एक पुरे, असे मत आधी येते. मग दुसरे मत नोंदवले आहे: दोन ठेवावेत, कारण एक धुवायला टाकला तर माणूस नेसेल काय? चार्ल्स हॅमिल्टनने या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये केले आणि कंपनीच्या कोर्टांत ते वापरले गेले. हे दुसरे मत मांडणाऱ्याच्या घरी कपडे कोण धूत असेल, असा प्रश्न मला पडतो.

मुंबईसारख्या शहरांसाठी १९०९ मध्ये वेगळा नादारीचा कायदा झाला. त्याने हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी, सामान मिळून तीनशे रुपयांपर्यंतचा ऐवज कुटुंबाला सोडला. इंग्लंडच्या १८८३ च्या कायद्यात ही मर्यादा वीस पौंड होती, आणि पौंडाचा भाव १९०९ मध्ये पंधरा रुपये. गुणाकार करून पाहा. गंमत अशी, की इंग्रजी यादीत हत्यारे, कपडे आणि अंथरूण होते, स्वयंपाकाची भांडी नव्हती. ती इथल्या यादीत आली.

कायद्याचा आणखी एक चमत्कार सांगतो. कर्जदाराला दिवाणी तुरुंगात ठेवायचे, तर त्याच्या जेवणाचा भत्ता कर्ज देणाऱ्याने आगाऊ भरायचा. भत्ता थकला की सुटका. आत बसलेल्याच्या ताटाची सोय झाली. घरी राहिलेल्या बायकोमुलांना भत्ता नाही.

कारण कायदा भांडी सोडतो, त्यांत शिजायचे काय हे घरावर सोडतो. अब्बांनी नादारीचा अर्ज केला आणि मशीनवर बसले. अम्माने त्याच महिन्यात शंभर पानी वही घातली. अक्षरे उर्दू, आकडे मात्र मराठी, कारण ते वाण्याच्या वहीशी पडताळायचे असत. सहा माणसे, शिलाईचे महिन्याला पावणेदोनशे रुपये. खोलीचे भाडे १५, ज्वारी ६०, मग तेल, रॉकेल, चहा, गूळ. गोश्त पहिल्या चार महिन्यांत एकदाही नाही. साबण मात्र दर महिन्याला आहे, ३ रुपये. हिदाया तिने कधी पाहिलीही नव्हती.

पगारदाराला कायदा थोडा आधार देतो. त्याच्या पगारातले पहिले चारशे रुपये आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश जप्तीतून सुटत. १९९९ च्या दुरुस्तीने चारशेचे हजार झाले, ती २००२ मध्ये लागू झाली आणि आकडा तिथेच थांबला. पंचवीस हजार पगार असेल तर आठ हजारांपर्यंत कापता येतात. घरात दोन माणसे आहेत की आठ, हे या गणितात कुठे विचारलेले नाही. १८७९ च्या कायद्याने ते विचारले होते. २०१६ च्या नव्या संहितेत घरगुती गरजेचे सामान आणि किराणा सोडायची तरतूद आहे, वर्षाला ६० हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना नवी सुरुवात देण्याचे प्रकरणही आहे. पण माणसांच्या दिवाळखोरीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. ओट्यावरच्या शिंप्याला अजून १९२० चाच कायदा.

त्या कायद्याप्रमाणे कोर्टाकडून मुक्तता मिळेपर्यंत नादार माणूस जे नवे मिळवील त्यावरही सावकारांचा हक्क. त्यामुळे चार वर्षे आमच्या घरात नवी वस्तू आली नाही. अब्बांना मुक्ततेचा हुकूम १९८३ च्या दिवाळीनंतर मिळाला. १९८४ च्या मार्चच्या पानावर, साबणाच्या खाली, अम्माची नोंद आहे: रेडिओ, जुना, ९० रुपये.