नामदार गोखले यांची दक्षिण आफ्रिका भेट (१९१२) : एका तोंडी आश्वासनाचा इतिहास

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केलेला दक्षिण आफ्रिकेचा दौरा मराठी चरित्रग्रंथांतून बहुधा गांधी-गोखले स्नेहाचा एक प्रसंग म्हणून येतो. प्रस्तुत निबंधात त्याकडे राजनैतिक वाटाघाट म्हणून पाहावयाचे आहे.

या वाटाघाटीचा केंद्रबिंदू होता तीन पौंडांचा कर. नाताळमधील १८९५ च्या कायद्यान्वये, करार संपल्यावर तेथेच राहू इच्छिणाऱ्या गिरमिटिया मजुरास तो दरवर्षी भरावा लागे. पुढे तो मुलांवरही लादण्यात आला. गांधीजींच्या हिशेबानुसार चौघांच्या कुटुंबावर वर्षाला बारा पौंडांचा बोजा पडे आणि कर्त्या पुरुषाची मासिक प्राप्ती चौदा शिलिंगांहून अधिक नसे. म्हणजे संपूर्ण वर्षाची मिळकतही या कराला पुरी पडत नव्हती. मजुराने परत जावे वा पुन्हा गिरमिट करावे, हाच त्यामागील हेतू होता. गोखल्यांचा या विषयाचा अभ्यास जुना होता. नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव त्यांनी १९१० साली केंद्रीय कायदेमंडळात मांडला होता आणि १९११ मध्ये ती थांबलीही.

गोखले २२ ऑक्टोबर रोजी केपटाउन येथे उतरले. ते सरकारचे वकील नव्हते. तरीही युनियन सरकारने त्यांच्यासाठी रेल्वेचा खास डबा दिला. जोहान्सबर्ग येथे मराठी भाषकांपुढे, त्यांत कोकणी मुसलमानही होते, त्यांनी मराठीतच बोलावे असा गांधीजींनी आग्रह धरला आणि हिंदुस्थानी भाषांतर स्वतःकडे घेतले. गांधीजींच्या मराठीविषयी गोखल्यांनी थट्टापूर्वक शंका व्यक्त केली, पण बोलले मराठीतच. परदेशस्थ मराठी माणसाच्या इतिहासात या सभेची नोंद व्हावयास हवी होती; ती फारशी झालेली नाही.

१४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरिया येथे बोथा, स्मट्स प्रभृती मंत्र्यांशी भेट झाली. गांधीजी बुद्ध्याच सोबत गेले नाहीत. कर रद्द होईल, तुम्ही वर्षभरात मायदेशी परतावे, असे परतल्यावर गोखल्यांनी त्यांना सांगितले. गांधीजींना मात्र तितका भरवसा वाटला नाही. आश्वासन तोंडी होते, लेखी काहीच नव्हते. कसलेल्या संसदपटूने एवढ्यावर समाधान मानावे, हे आज आश्चर्याचे वाटते. परंतु ज्याच्यापाशी अधिकृत पद नाही त्याने मंत्र्यांकडे लेखी हमी मागावी तरी कशी, हाही विचार करावयास हवा.

१९१३ मध्ये, नाताळमधील गोऱ्यांचा विरोध असल्याने कर उठविता येत नाही, असे स्मट्स यांनी जाहीर केले. आश्वासन मिळाले होते, या म्हणण्यावर गोखले ठाम राहिले. दौऱ्याचे अपयश म्हणून सामान्यतः हीच घटना दाखविली जाते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. तोवर सत्याग्रहात तीन पौंडी कराचा प्रश्न अंतर्भूत नव्हता. वचनभंगामुळेच तो समाविष्ट झाला, आणि त्यासरशी व्यापारी व सुशिक्षितांपुरता राहिलेला लढा न्यूकॅसलच्या कोळसाखाणींतील व उसाच्या मळ्यांतील हजारो मजुरांपर्यंत पोहोचला. त्या संपाच्या काळात गोखले प्रकृती ढासळलेली असतानाही हिंदुस्थानात निधी जमवीत होते.

१९१४ च्या इंडियन रिलीफ अॅक्टने कर रद्द झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. संपूर्ण गिरमिट पद्धतीच्या उच्चाटनाचा त्यांचा मार्च १९१२ चा ठराव कायदेमंडळाने फेटाळला होता. ती भरती थांबावयास १९१७ साल उजाडले.