संग्रहालयांतील अस्थि

कांहीं वर्षांपूर्वीं, केज येथें इतिहास शिकवीत असतां, मीं वर्गांत इनामगांवचें वर्णन केलें. शिरूर तालुक्यांतील घोड नदीच्या काठच्या या गांवीं डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या घरांच्या भुईखालीं लहान मुलांचीं दफनें आढळलीं. दोन मडकीं तोंडाला तोंड लावून आडवीं ठेवलेलीं, व त्यांत तें मूल. या अस्थींवरून त्या काळचा आहार व आजार यांची माहिती मिळाली, हें मीं अभिमानानें सांगितलें. मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, त्यांना पुन्हां पुरलें का?” मला उत्तर देतां आलें नाहीं.

श्रोतेहो, तोच प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. ब्रिटिश अमदानींत नागा टेकड्यांत हटन, मिल्स प्रभृति अधिकाऱ्यांनीं जमविलेल्या वस्तु ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयांत आहेत; तेथील नागा संग्रहांत मानवी अवशेषहि आहेत. २०२० सालीं संग्रहालयानें मानवी अवशेष प्रदर्शनांतून काढले, व ते परत आणण्याविषयीं नागा समाजांत विचारविनिमय सुरू झाला. तरीहि ऑक्टोबर २०२४ मध्यें इंग्लंडांतील एका लिलावांत शिंगें लावलेली नागा कवटी विक्रीस निघालीच! नागालँडचे मुख्यमंत्री नेफियू रिओ यांनीं निषेध केला, तेव्हां ती मागें घेण्यांत आली. राजेरजवाड्यांच्या समाधीपुढें आपण पादत्राणें काढतों. डोंगरांतील माणसाच्या मस्तकाला मात्र किंमतीची चिठ्ठी लागते.

परत करणें सोपें नाहीं, हेंहि मान्य केलें पाहिजे. नागा लोकांत पूर्वीं शत्रूचें मस्तक आणण्याची चाल होती. मग एखादी कवटी जिंकणाऱ्याच्या गांवीं न्यावी, कीं मारल्या गेलेल्याच्या? हा निर्णय त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून करावयाचा आहे. त्यांची अडचण पुढें करून कपाटाची किल्ली आपल्या कमरेस ठेवणें न्यायाचें नव्हे.

इनामगांवच्या मुलांवर हक्क सांगणारें आज कोणी उरलेलें नाहीं. परंतु बेवारशी प्रेतालाहि आपल्याकडे गांवकरी खांदा देतात. त्या अस्थि अभ्यासासाठीं जपून ठेवाव्या. तमाशा म्हणून मांडूं नयेत. आणि शिकवितांना आधीं एवढें सांगावें कीं, तीं कोणाच्या तरी घरचीं मुलें होतीं, व त्यांना दूर न नेतां घरांतच निजविलें होतें. त्या मुलीला हें मीं त्याच दिवशीं सांगितलें असतें, तर बरें झालें असतें.