अडीचकीचा हिशेब

माझे आजोबा वाईला एका भुसाराच्या दुकानात दिवाणजी होते. शिक्षण म्हणाल तर पंतोजीच्या शाळेत काढलेली दोन-चार वर्षं आणि मग लोकल बोर्डाच्या शाळेतली मराठी चौथी. पण गिऱ्हाइकानं अडीच शेर तूरडाळ मागितली आणि भाव साडेपाच आणे शेर असला, तर तराजूचा काटा स्थिर व्हायच्या आत आजोबा "पावणेचौदा आणे" म्हणून मोकळे व्हायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. मी डी.एड.ला असताना त्यांनीच ते मला उलगडून सांगितलं. पाचाची अडीचकी साडेबारा. अर्ध्याची अडीचकी सव्वा. साडेबारा आणि सव्वा, पावणेचौदा. तेरा आणे तीन पैसे. "यात हुशारी कसली? हे बसलेलं असतं," असं म्हणून त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

'बसलेलं असतं' या शब्दांवर पुढे माझी सारी नोकरी गेली. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते चौथी शिकवताना एवढंच बघत आले, की कुणाचं काय बसलंय आणि कुणाचं अजून लटकतंय.

जुन्या मराठी शाळेत पाढे तीसपर्यंत होतेच, पण खरी मेहनत होती अपूर्णांकांच्या पाढ्यांची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. साती औट साडेचोवीस. आजच्या शिक्षकालाही हे ऐकून धडकी भरेल. एवढी उस्तवार कशासाठी, याचं उत्तर त्या काळच्या मापांत आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. सरकारी मण चाळीस शेरांचा, शेराचे चार पावशेर. कापडाचा गज चोवीस तसूंचा. दहाच्या पटीत काहीच नाही. आता मणाचा भाव रुपयांत ठाऊक असेल, तर चाळीस शेरांना सोळा आण्यांनी भागा, येतात अडीच. म्हणजे मणाला जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेरांना. धान्य अठरा रुपये मण असेल, तर अडीच शेराचे अठरा आणे, डोळे मिटून. कापडाचं तसंच. चोवीस तसूंना सोळांनी भागलं की दीड. गजाला जितके रुपये, तितके आणे दीड तसूला. अडीचकी नि दिडकी नेमक्या याचसाठी रचल्या, असं कुणी लिहून ठेवलेलं मला माहीत नाही. पण ज्या समाजाला रोज हे भागाकार करावे लागत, त्याची मुलं हेच पाढे घोकत होती, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

ही शाळा कशी होती? कुणाची तरी पडवी, नाहीतर देवळाची ओसरी. पंतोजीला पगार सरकारचा नव्हे, पोरांच्या घरून यायचा. पायली-दोन पायली धान्य, सणासुदीला शिधा. सुरुवात ओनाम्याची. धूळपाटीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीनं अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. धुळाक्षरांवर हात वळला की मग बोरू, शाई, कागद आणि मोडीचा कित्ता. मोडी लेखणी न उचलता पळवायची असते, त्यामुळे जो मनात अक्षर आठवत बसला त्याचा कागद तिथेच अडला. मोठी मुलं लहानांना सांगायची. पन्नास पोरांचं ओझं एका म्हाताऱ्यानं उचलायचं, तर दुसरा उपायच नव्हता. (या युक्तीची एक गंमत ऐका: मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं देशी पोरांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं आणि मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवायची पद्धत 1797मध्ये इंग्लंडात पुस्तक छापून सांगितली. मग तीच पद्धत साहेबाची म्हणून आपल्याकडे परत आली.)

आणि संध्याकाळी परवचा. दिवेलागणीला पोरं ओळीनं बसून पाढे, श्लोक, तिथी-नक्षत्रं एका सुरात म्हणायची. आमच्या घरी हे माझ्या लहानपणापर्यंत चालू होतं. नक्षत्रांचं काय झालं देव जाणे, एकोणतीसचा पाढा मात्र अजून झोपेतून उठवलं तरी येतो.

याचं कौतुक करताना जपून करावं लागतं. छडी होती, अंगठे धरून उभं करणं होतं, अर्थ कशाचाच सांगितला जात नव्हता. बेरीज बरोबर येई, ती का बरोबर येते ते पंतोजीलाही ठाऊक नसे. शिवाय त्या ओसरीवर कोण बसत होतं? मुंबई सरकारच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट यांनी 1821मध्ये लिहून ठेवलंय, की लहानमोठं क्वचितच एखादं गाव असेल जिथे शाळा नाही, आणि शेतकरी किंवा छोटा दुकानदारही आपला हिशेब चोख ठेवतो. हे वाचून अनेकांची छाती फुगते. माझी फुगत नाही. त्या शाळांत मुली जवळपास नव्हत्या, महार-मांगांची मुलं तर नव्हतीच, आणि शेतकऱ्याचं पोर गुरांमागे असायचं. हिशेब चोख ठेवणारा शेतकरी जर इतका सर्रास असता, तर 1875चं सुपं घडलं नसतं.

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकानं-घरं घेरली आणि कर्जरोखे, खतावण्या मागितल्या. मिळालेली कागदपत्रं पेटवून दिली. मग हे लोण पुणे-नगरच्या कितीतरी गावांत गेलं. कापसाचे भाव पडले, सारा वाढला, कर्जं थकली, ही कारणं इतिहासाच्या पुस्तकात असतात आणि ती खरीच आहेत. मला एक बारीक गोष्ट दिसते. लोकांनी कागद जाळले. कारण कागदात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि व्याजावर व्याज चढून आकडा एवढा कसा झाला ते तपासता येत नव्हतं. मोडीतला रोखा, त्याखाली अंगठा, आणि पुढचं सगळं सावकाराच्या तोंडून ऐकायचं. सरकारनं 1879मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात असे रोखे गावच्या निबंधकासमोर लिहून नोंदवायची सक्ती घातली. म्हणजे शेतकऱ्याला वाचता येत नाही, तर सरकारचा माणूस त्याला वाचून दाखवेल. तोडगा बरा होता, पण तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर उभा होता.

जोतीराव फुल्यांना हे आतून कळलं होतं. ते स्वतः आधी मराठी शाळेत शिकले, मध्ये शाळा सुटली, मग स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. 1848मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारा हा माणूस 1882मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे निवेदन देतो, तेव्हा काय मागतो? खालच्या वर्गातल्या मुलांना मोडी आणि बालबोध (म्हणजे देवनागरी), दोन्हींत लिहितावाचता आलं पाहिजे, हिशेब आला पाहिजे, जोडीला थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. यादी बघा. पहिल्यांदा मोडी, कारण कुलकर्ण्याचं दप्तर आणि सावकाराची वही मोडीत. मग हिशेब. उच्च शिक्षणावर होणारा खर्च प्राथमिककडे वळवा, असंही ते बजावतात. ही मागणी करणारा माणूस पढतमूर्ख घोकंपट्टीचा चाहता नव्हता, हे वेगळं सांगायला नको. त्यांना ठाऊक होतं की चावडीवर कागद पुढे सरकवला जातो, तेव्हा विचार करायला अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात जे वाचून होतं, तेवढंच आपलं.

सरकारी शाळा तोवर रुळल्या होत्या. 1822मध्ये मुंबईत शाळा आणि पुस्तकांसाठी सोसायटी निघाली, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणली, छापील पुस्तक आलं, इन्स्पेक्टर आला. त्रैराशिक, व्यवहारी अपूर्णांक, दशांश हे सगळं आलं. पण गंमत अशी की पावकी-दिडकी काही हलल्या नाहीत. बाजार तोच होता ना! माझ्या वडिलांनी 1930च्या दशकात लोकल बोर्डाच्या शाळेत सवायकी पाठ केली आणि छडीही खाल्ली.

पावकी-दिडकी खऱ्या गेल्या 1 एप्रिल 1957 रोजी. त्या दिवशी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. त्यामागून वजनं गेली; शेर-मणाच्या जागी किलो-क्विंटल, गजाच्या जागी मीटर, आणि 1962च्या सुमारास बाजारात नवी वजनं सक्तीची झाली. आजोबांचा त्या काळातला वैताग घरात दंतकथेसारखा सांगितला जाई. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे, मग एक आण्याची वस्तू द्यायची सहाला की सातला? पण पाच-सात वर्षांत सगळं स्थिरावलं, आणि दशमान पद्धत किती सोपी आहे हे त्यांनीही कबूल केलं. अडीचकीचं काम संपलं होतं. ती अभ्यासक्रमातून गेली, याचं मला जराही दुःख नाही.

अडीचकीबरोबर आणखी एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात न येता गेली. रोज, ठरल्या वेळी, जे कळलंय ते हातात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची सवय. पाढे कुठले हा प्रश्न बाजाराचा होता. पाढे हवेत का हा प्रश्न डोक्याचा आहे, आणि डोकं 1957मध्ये बदललं नव्हतं.

चौथीच्या वर्गातला भागाकार बघा. 852 भागिले 6. मुलगी हुशार, रीत तिला पक्की ठाऊक. आठात सहा एकदा, उरले दोन, वरून पाच उतरवले, पंचवीस. इथपर्यंत ठीक. आता पंचविसात सहा किती वेळा? पाढा बसलेला नाही. मग ती बोटांवर सुरू करते, सहा एके सहा, सहा दुणे बारा, बारानंतर बोटं मोजत अठरा, मग एकोणीस, वीस, एकवीस... चोवीस. चार वेळा. तोवर डोळे पाटीवरून उठलेले असतात. परत आल्यावर चार कुठे लिहायचे, एक उरला की दोन, खाली कुठला अंक घ्यायचा, सगळं विस्कटलेलं. उत्तर येतं 141 नाहीतर 1402. शिक्षक म्हणतात, हिला भागाकाराची संकल्पना कळलेली नाही. बाई गं, संकल्पना तिला तुमच्याइतकीच कळली आहे! तिचा सहाचा पाढा कच्चा आहे, एवढंच. वाचनाचंही तेच. जो मुलगा एकेक अक्षर जोडत वाक्याच्या टोकाला पोचतो, त्याच्या हातून वाक्याचं तोंड निसटलेलं असतं. त्याला शाब्दिक उदाहरण घाला, तो फक्त आकडे वेचणार आणि बेरीज करून मोकळा होणार.

निवृत्तीच्या सुमारास आमच्या साताऱ्यातलं कुमठे बीट, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट, ज्ञानरचनावादासाठी, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीसाठी, राज्यभर गाजलं. लांबून लांबून शिक्षक बघायला यायचे. फरशीवर आखणी, खडे, काड्या, मण्यांच्या माळा. मुलं स्वतः शिकताहेत, हे चित्र खरंच लोभस होतं. पण बघून गेलेल्यांनी पुष्कळदा नुसती फरशी रंगवली. घोकंपट्टी हा शब्द शिवीसारखा झाला होता, मग सरावही चोरून घ्यावा लागे.

2019मध्ये दुसरीच्या पुस्तकात संख्यांची 'वीस एक', 'सत्तर तीन' अशी सुटी वाचनं दिली, तेव्हा केवढं वादळ उठलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर टीव्हीवर, विधानसभेत टीका झाली. त्यांचा मुद्दा साधा होता: त्रेपन्न ऐकलं की मूल आधी तीन लिहितं आणि 35 होऊन बसतात. पहिली-दुसरीला शिकवलेल्या कुणालाही विचारा, हे रोजचं आहे. माझं मत, वाट सोपी करून द्यावी आणि त्रेपन्नही बसेपर्यंत म्हणून घ्यावं. त्या गदारोळात बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी वर्गात पन्नाशीच्या संख्या मुलांकडून लिहून घेतल्या असतील, कोण जाणे.

दरम्यान 'प्रथम' संस्थेचा असर अहवाल 2005पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन हेच मोजत होता: दुसरीचा उतारा वाचता येतो का, हातच्याची वजाबाकी, एक अंकी भागाकार. 2018मध्ये देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला, आणि भागाकार चारांतल्या साधारण एकाला. आकडे पाहून माझ्या जुन्या सहकाऱ्यांना धक्का बसला नाही. ही मुलं आठवीत बीजगणिताला बसतात तेव्हा काय होतं, हे त्यांना पाठ होतं.

2021मध्ये केंद्र सरकारनं 'निपुण भारत' अभियान आणलं. तिसरीच्या मुलानं अर्थ समजून मिनिटाला निदान साठ शब्द वाचावेत, असं त्यात चक्क लिहिलंय. घड्याळ लावून वाचन मोजणं हा मुलांवर अन्याय आहे, असं काहीजण म्हणतात. मला पटत नाही. मुलाच्या हाती घड्याळ देऊन त्याला धापा टाकायला लावणं वाईट. शिक्षकानं मनातल्या मनात मिनिट मोजणं हे तर त्याचं काम आहे. माझी तक्रार दुसरीच आहे. लक्ष्य ठरलं, पण परवचाची वेळ कोण देणार? पूर्वी ती घरी होती, कारण घरात ऐकून घेणारं कुणीतरी होतं, आणि तेही ठरावीक घरांतच. माझ्या शाळेतल्या आया दिवेलागणीला उसाच्या फडातून परतत. त्यांनी पाढे ऐकावेत ही अपेक्षा करणाऱ्यानं आधी एक दिवस मोळ्या बांधाव्यात.

म्हणून शाळेतच, परिपाठ संपला की दहा-बारा मिनिटं मी परवचा घेत असे. जोड्या लावायच्या, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग उलट. छडी नाही, नंबर नाहीत, कालच्यापेक्षा आज किती झालं एवढंच वहीच्या कोपऱ्यात लिहायचं. एका तपासणीत साहेबांनी विचारलं, ही वेळ वेळापत्रकात कुठल्या विषयाखाली दाखवलीय? गणिताचे तास आधीच पुरे भरलेले होते. मी ती भाषेत दाखवली होती.