एपवर्थच्या घरातील शाळा

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकनशायर नावाचा सखल, पाणथळ परगणा आहे. त्यातील एपवर्थ या लहानशा गावी, चर्चच्या धर्मोपदेशकाच्या निवासस्थानात, अठराव्या शतकाच्या आरंभी एक शाळा भरत असे. या शाळेला पाटी नव्हती, शुल्क नव्हते आणि सरकारदरबारी तिची नोंदही नव्हती. शिक्षिका एकच, ती घरची गृहिणी; आणि विद्यार्थी सारे तिच्याच पोटचे. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच असा सहा तासांचा वर्ग सुमारे वीस वर्षे चालला. त्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी जॉन आणि चार्ल्स या दोन भावांनी पुढे मेथडिस्ट पंथाची चळवळ उभारली. जगाच्या इतिहासात त्यांची नावे राहिली, म्हणूनच त्यांच्या मातेच्या शाळेची हकिकतही राहिली.

या मातेचे नाव सुझाना वेस्ली. तिचा जन्म 1669 साली लंडन येथे झाला. तिचे वडील सॅम्युएल ॲनेस्ली हे प्रस्थापित चर्चपासून फुटून निघालेल्या मंडळींपैकी एक नामांकित धर्मोपदेशक होते आणि सुझाना हे त्यांचे पंचविसावे अपत्य. ज्या घरात धर्मशास्त्रावरील वाद जेवणाच्या वेळीही चालत, त्या घरात ती वाढली. परंतु पुरते तेरावे वर्ष लागण्यापूर्वीच तिने पित्याचा पंथ सोडून प्रस्थापित चर्चचा स्वीकार केला. स्वतः विचार करून निर्णय घ्यावा आणि घेतलेला निर्णय सोडू नये, हा तिचा स्वभाव तेव्हाच दिसून आला. 1688 साली सॅम्युएल वेस्ली या तरुण धर्मोपदेशकाशी तिचा विवाह झाला. तिला एकोणीस मुले झाली. त्यांतील दहाच जगली, तीन मुलगे आणि सात मुली.

संसार सुखाचा होता असे म्हणवत नाही. सॅम्युएल विद्वान होता, कवी होता. पण व्यवहारात कच्चा आणि स्वभावाने तापट. कर्ज डोक्यावर चढत गेले आणि 1705 साली देणे न फिटल्यामुळे त्याला लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात जावे लागले. यॉर्कच्या आर्चबिशपांनी त्या वेळी सुझानाला विचारले, की घरात कधी भाकरीची वाण पडली होती काय? तिने उत्तर दिले ते असे, की भाकरी अगदीच नाही असे कधी झाले नाही. परंतु ती मिळविण्यासाठी आधी इतकी यातायात आणि मिळाल्यावर तिचे पैसे चुकविण्याची इतकी काळजी, की त्यामुळे तिची गोडीच नाहीशी होई. अशा घरात, अशा स्थितीत, ही बाई मुलांचे वर्ग घेत होती.

या शाळेचा क्रम आपणांस कळतो तो मुख्यतः एका पत्रावरून. जॉन ऑक्सफर्डला अध्यापक असताना, घरी मुलांना कोणत्या रीतीने वाढविले ते लिहून पाठवावे, अशी त्याने आईला वारंवार विनंती केली. 1732 सालच्या जुलै महिन्यात तिने ती पुरी केली. मुले जन्मल्यापासून त्यांच्या झोपेच्या, दुधाच्या, कपडे बदलण्याच्या वेळा ठरलेल्या असत. वर्षाचे होईतो मूल छडीला भिण्यास आणि रडायचे झाले तर हळू रडण्यास शिके. त्यामुळे इतकी मुले असूनही घरात रडण्याचा गलका क्वचितच ऐकू येई. दिवसातून तीन वेळा खाणे. मधल्या वेळी काही मागावयाचे नाही. पानात वाढलेले खावयाचे. अधिक हवे असल्यास दासीच्या कानात हळूच सांगावयाचे. संध्याकाळी सहाला कौटुंबिक प्रार्थना, मग जेवण, सातला हातपाय धुणे आणि आठच्या आत अंथरूण. मूल जागे असले तरी त्याच्या उशाशी कोणी बसत नसे. भावंडांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारावयाची नाही. नावापूर्वी ‘बंधू’ किंवा ‘भगिनी’ म्हणावयाचे.

पाच वर्षे पुरी होईपर्यंत कोणासही अक्षरओळख करून द्यावयाची नाही, असा नियम होता. पाचवा वाढदिवस उलटला की दुसऱ्या दिवशी शाळा सुरू. आदल्या दिवशी घर आवरून ठेवलेले असे, प्रत्येकाला त्याचे काम नेमून दिलेले असे आणि वर्गाच्या वेळात त्या खोलीत कोणी पाऊल टाकावयाचे नाही अशी सक्त ताकीद असे. त्या एका दिवसात मुलाने सारी मुळाक्षरे शिकावयाची. आठ मुले तशी शिकली. मेरी आणि ॲन या दोघींना मात्र दीड दिवस लागला आणि तेवढ्यावरून आईने त्यांना मंद ठरविले होते. पुढे इतर मुलांना कसे शिकविले जाते ते पाहिल्यावर तिचे ते मत बदलले. दुसऱ्या दिवसापासून अंकलिपी वगैरे काही नाही; थेट बायबलमधील उत्पत्तीचा पहिला अध्याय. पहिले वचन अक्षर अक्षर लावून वाचावयाचे, ते न अडखळता येईपर्यंत पुनःपुन्हा वाचावयाचे, मग दुसरे. थोरला मुलगा सॅम्युएल याप्रमाणे फेब्रुवारीत शिकू लागला आणि उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत अख्खा अध्याय चांगला वाचू लागला.

मुलींविषयीचा तिचा एक नियम विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. मुलीला उत्तम वाचता येईपर्यंत तिच्या हाती सुईदोरा द्यावयाचा नाही. स्त्रियांना चांगले वाचता येत नाही याचे कारण, वाचन पक्के होण्यापूर्वीच त्यांना शिवणकामास बसवितात, हे तिने स्पष्ट लिहून ठेवले आहे. ज्या काळी मुलीचे शिक्षण म्हणजे शिवण, टिपण आणि स्वयंपाक एवढेच समजले जाई, त्या काळी एका खेड्यात हा नियम कसोशीने पाळला जात होता.

दंडाचे नियमही ठरलेले होते. ज्याने अपराध आपण होऊन कबूल केला त्याला मार नाही. कारण मुले खोटे बोलतात ती बहुधा भीतीने, असे तिचे निरीक्षण होते. एका अपराधासाठी दोनदा शिक्षा नाही आणि मागाहून त्याचा उच्चारही नाही. मुलाने मनाविरुद्ध आज्ञा पाळली तर त्याचे कौतुक झालेच पाहिजे. दुसऱ्याची वस्तू, मग ती टाचणी का असेना, त्याच्या संमतीवाचून घ्यावयाची नाही. दिलेला शब्द पाळावयाचा.

1709 सालच्या फेब्रुवारीत एका रात्री या घराला आग लागली. सुझाना त्या वेळी गरोदर होती; ती ज्वाळांतून कशीबशी बाहेर पडली. साडेपाच वर्षांचा जॉन माडीवर राहिला होता. त्याला खिडकीतून, एका माणसाच्या खांद्यावर दुसऱ्याने चढून, छप्पर कोसळण्याच्या क्षणी बाहेर काढले. घर, ग्रंथ, हस्तलिखिते, सर्व भस्म झाले. नवे विटांचे घर बांधून होईपर्यंत मुले निरनिराळ्या कुटुंबांत वाटली गेली आणि जी शिस्त वर्षानुवर्षे बसविली होती ती काही महिन्यांत मोडली. मुले नोकरांच्या संगतीत राहिली, गावंढळ बोलणे शिकली, प्रार्थनेचा दिवस पाळण्यात हयगय करू लागली. सर्व पुन्हा एकत्र आल्यावर सुझानाने मोडलेली घडी नव्याने बसविली. शाळेच्या आरंभी आणि शेवटी स्तोत्र गाण्याचा प्रघात तेव्हा पडला. पाच वाजले की सर्वांत मोठ्याने सर्वांत धाकट्याला, दुसऱ्याने त्याच्या वरच्याला, अशा जोड्या करून वाचन करावयाचे, हेही तेव्हा ठरले. पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून तिने ती स्वतःच लिहिली. 1710 च्या जानेवारीत सुकी या मुलीसाठी तिने ख्रिस्ती मतांगीकारावर लिहिलेले विवेचन आजही उपलब्ध आहे.

यानंतरच्या एका घटनेचा धागा हिंदुस्थानापर्यंत येऊन पोहोचतो. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले त्सिगेनबाल्ग आणि प्लुत्शाउ हे दोन जर्मन धर्मोपदेशक 1706 साली पूर्व किनाऱ्यावरील तरंगमबाडी, म्हणजे ट्रांकेबार, येथे उतरले होते. त्या डॅनिश ठाण्याच्या सभोवारचा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे तेव्हा गादीवर होते. या दोघांच्या कार्याचा वृत्तान्त इंग्रजीत छापला गेला आणि एपवर्थच्या घरी थोरली मुलगी एमिली हिने तो बापाच्या अभ्यासिकेतून काढून आईला वाचून दाखविला. सुझानाच्या मनावर त्याचा विलक्षण परिणाम झाला. आपण पुरुष नाही, धर्मोपदेशक नाही. तरी आज करतो त्याहून अधिक काही आपल्याला करता येईल, असे तिला वाटले आणि आरंभ आपल्याच मुलांपासून करावा असे तिने ठरविले. रोज रात्री एकेका मुलाशी एकान्तात बोलावयाचे. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॅकी, म्हणजेच जॉन, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स आणि रविवारी एमिली व सुकी. पुढे अनेक वर्षांनी, प्रौढ वयाच्या जॉनने आईला लिहिले, की गुरुवारच्या संध्याकाळचा तो थोडासा वेळ आपल्याला अजूनही मिळावा. छडीचे भय विसरले गेले, पण ती गुरुवारची संध्याकाळ विसरली गेली नाही.

त्याच सुमारास पती लंडनच्या धर्मसभेस गेला असता रविवारी सायंकाळी ती स्वयंपाकघरात मुलांसाठी व नोकरांसाठी प्रार्थना व प्रवचनाचे वाचन करी. शेजारी येऊ लागले आणि पाहता पाहता श्रोते दोनशेंवर गेले. चर्चमधील साहाय्यक धर्मोपदेशकाने तक्रार केली. पतीने हे बंद करण्यास सुचविले. 1712 च्या फेब्रुवारीत तिने उत्तर धाडले, की नुसती इच्छा दर्शवू नये, स्पष्ट आज्ञा करावी. म्हणजे परमेश्वरापुढे जाब देण्याची जबाबदारी तिच्यावर राहणार नाही. तशी आज्ञा पतीने दिली नाही.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. मुलाची इच्छाशक्ती लहानपणीच जिंकली पाहिजे, हे सुझानाच्या शिक्षणपद्धतीचे मूलसूत्र होते. जॉनने ते पुढे आपल्या प्रवचनांतून सांगितले आणि 1748 साली किंग्जवुड येथे काढलेल्या शाळेत पहाटे चारला उठणे आणि खेळास पूर्ण बंदी असे नियम घातले. आईच्या शिस्तीबरोबर आईचे डोळे मात्र त्या शाळेला देता आले नाहीत. मुलींचे भाग्य तर अधिकच विचार करावयास लावते. मुलगे वेस्टमिन्स्टर आणि चार्टरहाउस या शाळांत गेले, तेथून ऑक्सफर्डला गेले. मुलींना तेवढेच वाचन, तेवढीच बुद्धी मिळाली. पण घराबाहेर तिचा उपयोग करण्याची वाट त्या काळच्या समाजाने ठेवली नव्हती. एमिलीने शिक्षिकेची चाकरी केली, पुढे गेन्सबरो येथे स्वतःची शाळा चालविली. सर्वांत बुद्धिमान हेटी हिचे प्रेमात एकदा पाऊल चुकले. 1725 साली न शोभणाऱ्या माणसाशी तिचा घाईने विवाह झाला आणि पित्याने तिला क्षमा केली नाही. पुढच्या वर्षी जॉनने दयेवर प्रवचन करून बहिणीची बाजू घेतली, तेव्हा बाप त्याच्यावरही रुष्ट झाला. हेटीच्या कविता मासिकांतून छापल्या गेल्या. त्यांतील दुःख एपवर्थच्या शिस्तीला आवरता आले नाही.

सुझाना 1742 च्या जुलैत लंडन येथे वारली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी जॉनने आपल्या रोजनिशीत आईचे ते पत्र उतरून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. घरीच मुलांना शिकविणारी आजची अनेक ख्रिस्ती कुटुंबे तिचे नाव आदराने घेतात. ते घेताना तिची छडी उचलावी की तिची गुरुवारची संध्याकाळ, हा निवाडा ज्याचा त्याने करावयाचा आहे. ही रीत आचरणात आणावयाची तर आयुष्याच्या ऐन भरातील वीस वर्षे द्यावी लागतात आणि तेवढी देण्यास फार थोडे लोक तयार होतील, असे तिने त्या पत्रात लिहिले आहे. तिने ती दिली होती. 1709 च्या आगीनंतर बांधलेले ते विटांचे घर एपवर्थ येथे आजही उभे आहे आणि पाहुण्यांना पाहण्यासाठी खुले आहे.