पूर ओसरला, मदत आली. पण गावची विहीर अन् ओढा वाचवायचा कसा? मदतकार्यातील पर्यावरण पाहणीची संपूर्ण माहिती

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठावरच्या गावांना पूर नवा नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिथली धोका पातळी आहे 45 फूट. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. लाखो लोकांना घर सोडावं लागलं. त्यानंतर राज्यभरातून मदतीचे ट्रक आले. पाण्याच्या बाटल्या, कपडे, धान्य, चारा, औषधं, सगळं आलं. या मदतीनं अनेकांना आधार मिळाला, यात शंका नाही.

मात्र पूर ओसरल्यावर गावात एक दुसराच प्रश्न उभा राहतो. मेलेली जनावरं कुठं पुरायची? शाळेतल्या छावणीच्या शौचालयाचं पाणी कुठं जातंय? घरातून काढलेला गाळ आणि पडलेल्या भिंतींचा राडारोडा टाकायचा कुठं? घाईत घेतलेला एक चुकीचा निर्णय पुढं वर्षभर गावच्या विहिरीला भोवतो. म्हणूनच मदतकार्य सुरू असतानाच 'या कामाचा पाणी, माती आणि माणसांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल' याची झटपट पाहणी केली जाते. ही पाहणी म्हणजे काय, ती कशी करतात आणि गावपातळीवर काय करता येतं, याची ही माहिती.

ही पाहणी म्हणजे नेमकं काय?

धरण, कारखाना किंवा खाणीसाठी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास होतो, जनसुनावणी होते. त्याला अनेक महिने लागतात. आपत्तीत एवढा वेळ कुणाकडेच नसतो. त्यासाठी जगभरात मदत करणाऱ्या संस्थांनी छोट्या, झटपट पद्धती तयार केल्या आहेत.

त्यातली एक पद्धत 'केअर' ही संस्था आणि लंडनमधील बेनफिल्ड संशोधन केंद्र यांनी मिळून तयार केली. तिचं वैशिष्ट्य असं की त्यात यंत्रं किंवा प्रयोगशाळा लागत नाही. डोळ्यांनी दिसतं ते आणि गावकरी सांगतात ते एका तक्त्यात भरायचं आणि सर्वांत मोठा धोका कोणता ते ठरवायचं. 'फीट' नावाची संयुक्त राष्ट्रांची दुसरी पद्धत रासायनिक धोक्यांसाठी आहे. कारखाना, गोदाम, इंधनाच्या टाक्या पाण्याखाली गेल्या तर आधी कुठं धावायचं, हे त्यातून ठरतं. 'नीट प्लस' ही तिसरी पद्धत छावणी उभारणाऱ्यांसाठी आहे. यातली प्रश्नावली मोबाईलवरही भरता येते.

तिन्हींचं सूत्र एकच आहे: जीव वाचवणं पहिलं, पण जीव वाचवताना नवा धोका तयार होऊ द्यायचा नाही.

पाहणी न केल्यास काय होतं? हैतीचं उदाहरण

कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात 12 जानेवारी 2010 रोजी मोठा भूकंप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथं कॉलऱ्याची साथ पसरली. त्याआधी किमान शंभर वर्षं त्या देशात कॉलऱ्याची नोंद नव्हती. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा साथीचा उगम मिरेबाले गावाजवळ सापडला. तिथं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा तळ होता. तळावरच्या मैल्याची विल्हेवाट नीट लावली जात नव्हती. तो जवळच्या ओढ्यात गेला, ओढ्यातून आर्तिबोनित या मोठ्या नदीत. नदीकाठचे लोक तेच पाणी पीत होते.

या साथीत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि जवळपास 10 हजार जणांचा जीव गेला. डिसेंबर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. आधारासाठी आलेल्यांच्या तळावरचं सांडपाणी कुठं जातंय, एवढा एक प्रश्न वेळेत कुणी विचारला असता तर चित्र वेगळं असतं.

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारचं उदाहरण थोडं वेगळं. ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून सात लाखांच्या आसपास रोहिंग्या तिथं आले. छावण्यांसाठी टेकड्यांवरचं जंगल गेलं आणि स्वयंपाकाच्या सरपणासाठी उरलेलीही झाडं तुटू लागली. पुढं मदत संस्थांनी कुटुंबांना गॅस सिलिंडर द्यायला सुरुवात केली, तशी सरपणाची मागणी झपाट्यानं कमी झाली. उघड्या टेकड्यांवर पुन्हा झाडं लावली गेली. म्हणजे धान्य देताना 'ते शिजवणार कशावर' हेही बघावं लागतं.

गावात कुठं कुठं बघावं?

1) पिण्याची विहीर

पुराचं पाणी विहिरीत गेलं असेल तर ती दूषितच समजावी. घाईनं पूर्ण उपसा करू नये. आजूबाजूची जमीन पाण्यानं भरलेली असताना विहीर एकदम कोरडी केली तर कडा ढासळतात. टप्प्याटप्प्यानं उपसा करावा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये. त्याचा विषारी धूर खाली साठतो आणि आत उतरलेला माणूस दगावू शकतो.

उपसा झाल्यावर टीसीएल पावडर टाकावी. साध्या स्वच्छ पाण्याला 1000 लिटरमागे साधारण 2.5 ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर लागते. गोल विहिरीतलं पाणी मोजायची सोपी रीत अशी: विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्यानं गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा आणि शेवटी 785 नं गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल तर 4 × 4 × 3 × 785 म्हणजे 37,680 लिटर. त्याला साधारण 95 ग्रॅम पावडर लागेल. पुरानंतर पाणी गढूळ असतं, त्यामुळे मात्रा वाढवावी लागते. ती किती, हे जलसुरक्षक आणि आरोग्य सेवकांनी ओटी टेस्ट करून ठरवावं.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचं निवळ पाणी विहिरीत सोडावं. त्यानंतर किमान एक तास पाणी भरू नये. भिजलेली किंवा जुनी पावडर कामाची नसते, हेही लक्षात ठेवावं. ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येईपर्यंत पाणी उकळूनच प्यावं.

2) छावणीचं शौचालय

शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालयात शेकडो माणसं येतात आणि शौचालयं असतात दोन-चार. मदतकार्यासाठी जगभर वापरले जाणारे 'स्फिअर' निकष सांगतात की सुरुवातीला 50 माणसांमागे एक आणि शक्य तितक्या लवकर 20 माणसांमागे एक शौचालय असावं. पाणी माणशी दिवसाला किमान 15 लिटर. म्हणजे 300 माणसांच्या छावणीला रोज 4500 लिटर पाणी लागेल. शौचालयं सुरुवातीला 6 आणि पुढे 15 लागतील.

शोषखड्डा विहीर किंवा बोअरपासून किमान 30 मीटर, म्हणजे साधारण 100 फूट लांब हवा. खड्ड्याचा तळ भूजल पातळीच्या किमान दीड मीटर वर हवा. आपल्याकडे काळ्या पाषाणाला भेगा असतात. अशा खडकातून घाण पाणी लांबवर जातं, त्यामुळे अंतर आणखी वाढवावं. खड्डा विहिरीच्या चढाच्या बाजूला तर कधीच नको. पावसाळ्यात खड्डा खणताना खाली पाणी लागलं तर ती जागा सोडावी. तिथं फिरतं शौचालय मागवावं.

3) मेलेली जनावरं

हा प्रश्न सर्वांत घाईचा. शेतकऱ्यासाठी जनावर म्हणजे घरचा कमावता जीव. वास सुटायच्या आत पुरावं असं वाटणं साहजिक आहे. पण नुकसानभरपाईसाठी आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्यावा. कानातल्या बिल्ल्यासह फोटो काढून ठेवावा.

पुरण्याची जागा नदी, ओढा आणि विहिरीपासून लांब, उंचावर असावी. आधी एक छोटा खड्डा खणून पाणी लागतंय का ते बघावं. नदीत जनावर सोडून देणं म्हणजे खालच्या गावाच्या पाण्यात रोग सोडणं. एका वेळी खूप जनावरं दगावली असतील तर प्रत्येकानं आपापल्या रानात पुरण्यापेक्षा ग्रामपंचायतीनं एकच जागा ठरवावी आणि तिची नोंद ठेवावी. पुढं कुणी तिथं बोअर मारू नये, यासाठी ती नोंद उपयोगी पडते. जनावरांच्या मदतीसाठी 1962 हा क्रमांक आहे.

4) कीटकनाशकं, खतं आणि तेल

ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात जवळपास प्रत्येक घरात औषधाच्या बाटल्या असतात. कृषी सेवा केंद्राचं गोदाम, पेट्रोल पंप, रोहित्र, गॅरेज पाण्याखाली गेलं असेल तर ती ठिकाणं पाहणीत आधी लिहावीत. भिजलेली, लेबल गेलेली औषधं ओतून देऊ नयेत, जाळू नयेत, गाळाबरोबर उचलू नयेत. हातमोजे घालून वेगळी ठेवावीत आणि कृषी सहायकांना कळवावं. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा औषधाचा वास असेल तर ते पाणी उकळूनही पिण्याजोगं होत नाही. टीसीएलचाही त्यावर उपयोग नाही. ती विहीर बंद ठेवून पाण्याचा नमुना तपासणीला द्यावा.

5) गाळ आणि राडारोडा

घरातला गाळ गटारात ढकलला की गटार तुंबतं. पडक्या भिंतींचा राडारोडा ओढ्यात टाकला की ओढ्याचं पात्र अरुंद होतं. पुढच्या पावसात तेच पाणी पुन्हा गावात शिरतं. चांगल्या विटा, दगड, लाकूड, पत्रा वेगळा काढावा. घर बांधताना तो कामाला येतो. जुने सिमेंटचे पत्रे मात्र फोडू नयेत. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ते पाणी मारून, न तोडता बाजूला ठेवावेत.

6) मदतीबरोबर येणारा कचरा

एका छावणीत 500 माणसं असतील आणि प्रत्येकाला रोज एक लिटरच्या दोन बाटल्या दिल्या, तर आठवड्यात 7000 रिकाम्या बाटल्या जमतात. त्यात थर्माकोलच्या ताटल्या, पिशव्या, पाकिटं धरलेली नाहीत. तेच पाणी टँकरनं किंवा 20 लिटरच्या जारनं दिलं तर हा कचरा होतच नाही.

कपड्यांचंही तसंच. 2004 च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. लोकांना त्यांचा उपयोग नव्हता. गावानं काय हवंय आणि काय नको, याची यादी ग्रुपवर टाकली तर पाठवणाऱ्यांचे पैसे वाचतात आणि गावही स्वच्छ राहतं.

पाहणी कुणी आणि कशी करावी?

सरपंच, ग्रामसेवक, आशा ताई, जलसुरक्षक, बचत गटातल्या एक-दोन महिला आणि गावची जमीन जाणणारा एखादा जुना शेतकरी, एवढी मंडळी पुरे. पाणी भरणं, आंघोळ, शौचालयाच्या अडचणी महिलांना जास्त माहीत असतात, म्हणून त्यांचं म्हणणं आधी ऐकावं. गावाला एक फेरी मारायची आणि पुढील प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची:

• पिण्याचं पाणी कुठून येतंय? त्यात पुराचं पाणी गेलं का?
• छावणीचं सांडपाणी आणि मैला कुठं जातोय?
• त्या जागेच्या उताराला विहीर, बोअर, ओढा आहे का?
• जनावरं कुठं बांधलीत? शेणमुताचा निचरा कुठं होतोय?
• मेलेली जनावरं किती आणि कुठं?
• औषधं, खत, तेल कुठं सांडलंय?
• गाळ आणि कचरा टाकायची जागा ठरली का?
• स्वयंपाक कशावर होतोय?
• या सगळ्यात आज सर्वांत घातक काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सगळं एकाच दिवशी होत नाही. माणसाच्या जिवाला आज धोका असलेलं काम पहिलं, आठवडाभर थांबू शकतं ते नंतर. प्रत्येक जागेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. दर दोन-तीन दिवसांनी हीच फेरी पुन्हा मारावी, कारण छावणीतली माणसं वाढली की परिस्थिती बदलते.

ही वही तहसील कार्यालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्ह्यातल्या मदतकार्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे असते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. नुसती तोंडी तक्रार आणि फोटोसह लिहिलेली यादी यात फरक पडतो. टँकर, फिरतं शौचालय, जेसीबी कुठं आधी पाठवायचा, हे ठरवताना अशी यादी अधिकाऱ्यांच्याही कामाला येते.

पावसाळ्याआधी करायची तयारी

पाहणीचं निम्मं काम उन्हाळ्यातच उरकता येतं. गावाच्या नकाशावर विहिरी, बोअर, ओढे, औषधांची दुकानं आणि जुन्या पुराची रेषा मांडून ठेवावी. छावणीची शाळा, जनावरांची जागा, पुरण्याची जागा आणि राडारोड्याची जागा ग्रामसभेत ठरवावी. टीसीएल पावडर उंचावर, कोरड्या जागी ठेवावी. औषधाच्या बाटल्या घरात माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवाव्यात.

पाणी अंगणात आल्यावर या चर्चा होत नाहीत. तेव्हा माणसं आणि जनावरं बाहेर काढायची घाई असते. जागा आधी ठरलेली असली की मदतीचा पहिला ट्रक आल्यावर तो कुठं उभा करायचा, शौचालय कुठं खणायचं, यावर वाद होत नाही. आणि ट्रक निघून गेल्यावरही गावची विहीर पिण्याजोगी राहते.