चार मीटरांचे अंतर

फारसीत ज्याचा मूळ अर्थ औषध, त्या ‘दारू’ शब्दाला आपल्या मुलखात रुजेपर्यंत दोन निराळे धंदे चिकटले, एक प्यायचा आणि दुसरा पेटवायचा. आणि पेटवायच्या दारूतही पुन्हा तोफेची व शोभेची असा पोटभेद झाल्यामुळे, जुनी मराठी दप्तरे चाळणाऱ्याला कोठारात जमा झालेली दारू शत्रूसाठी होती, लग्नासाठी होती की एखाद्या कारकुनाच्या घशासाठी, हे मागचापुढचा संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. यांपैकी शोभेच्या दारूचा वृत्तांत मला येथे सांगावयाचा आहे, आणि तोही तिच्या शोभेचा नव्हे, तर ती मनुष्यवस्तीपासून किती हातांवर पेटत असे याचा.

सोरा, गंधक आणि कोळसा या त्रयीचे रहस्य चीनमधून निघून दक्षिणेत पोहोचले त्याला निदान साडेपाचशे वर्षे झाली. तैमुरी दरबारचा वकील अब्दुर्रझाक 1443 साली विजयनगरास होता. तेथील महानवमीच्या सोहळ्यात त्याने आतषबाजी पाहिली. एकनाथांनी शके 1493 मध्ये काशीस पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त द्वारकेच्या वऱ्हाडासाठी दारूकाम आले आहे, द्वापारयुगात बंदुकीची दारू नव्हती ही शंका नाथांना शिवली नाही, कारण पैठणच्या श्रोत्यांना दारूकामावाचून राजाचे लग्न ही कल्पनाच मुळी सोळाव्या शतकात पटली नसती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी असे शेकडो धागे वेचून भारतातील आतषबाजीचा पाचशे वर्षांचा इतिहास लिहिला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक लेखकाने, माझ्यासकट, त्यांच्याच शिदोरीवर दिवस काढले आहेत.

या सर्व उल्लेखांत एक गोष्ट सारखी दिसते: दारूकाम करणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. दारूगर हा कसबी माणूस असे. सोरा किती शुद्ध, कोळसा कोणत्या लाकडाचा, नळ्यातून फुले उडावीत म्हणून बिडाचा कीस किती जाड कुटावा, हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. पेटती काडी त्याच्या हाती आणि भाजलेला हातही त्याचाच. प्रेक्षकाने दूर उभे राहून मान वर करावी, एवढेच त्याचे काम.

याचे उत्तम चित्र पेशव्यांच्या बखरीत आहे. महादजी शिंदे 1792 साली उत्तरेतून पुण्यास आले, तेव्हा त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले. तेथील राजा नगराबाहेर दारूची लंका रचवितो, तीत रावण असतो, राक्षस असतात, मारुतीही दारूचाच असतो, आणि त्याच्या शेपटीला बत्ती लागली की तो उडून घरामागून घर पेटवीत जातो. ऐन तारुण्यातल्या, पण नाना फडणविसांच्या देखरेखीखाली वाढलेल्या त्या पेशव्याला ही लंका पाहावीशी वाटली यात नवल नाही. महादजींनी ती पुण्यात करवून दाखविली. पण शनिवारवाड्यासमोर नव्हे, बुधवार पेठेत नव्हे, तर शहराबाहेर, पर्वतीच्या पायथ्याशी.

पर्वतीच का, हे बखरकार सांगत नाही, आणि त्याच्या वाचकालाही ते विचारावेसे वाटले नसणार. पेठांतील वाडे सागवानी होते, गरिबांची घरे गवताने शाकारलेली होती, आणि आगीशी सामना देण्याचे साधन म्हणजे हौदावर उभी राहिलेली माणसांची रांग. मुंबईच्या किल्ल्यात 1803 च्या फेब्रुवारीत लागलेली आग आणि 1828 मध्ये शनिवारवाड्याला कित्येक दिवस जाळीत राहिलेली आग या दोन्हींचे खापर दारूकामावर फोडता येत नाही. परंतु लाकडी शहराला ठिणगीचे भय कसे असते हे त्यांवरून समजते. शिवाय पेशवाईतील पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरण्याची मुभा उरत नसे. गंमत अशी की, रात्रीच्या त्या शहरात नेमाने होणारा मोठा आवाज होता तो गप्प बसण्याचा हुकूम देणारा.

ही व्यवस्था कोणा राजाच्या फर्मानाने मोडली नाही. ती स्वस्त मालाने मोडली. तांबड्या कागदात गुंडाळलेले चिनी फटाके समुद्रमार्गे पेठांतील दुकानांत आले, आगकाडी घरोघरी झाली, आणि ज्या कामाला दारूगर लागत असे ते सात वर्षांच्या पोराला अंगणात करता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास परदेशी मालाची आवक आटली, तेव्हा तमिळनाडूतील शिवकाशी गावाने, जेथे 1923 मध्ये अय्या नाडार आणि षण्मुग नाडार कलकत्त्याहून आगपेट्यांची विद्या शिकून परतले होते, हा धंदा हाती घेतला, आणि पुढे देशातील बहुतेक फटाके तेथेच होऊ लागले.

इंग्रज अंमलदारांनी 1884 साली स्फोटक द्रव्यांचा कायदा केला खरा, पण त्याची नजर कारखाना, वखार आणि वाहतूक यांवर होती. हा कायदा परवाना मागतो तो बनविणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. त्याखालील 2008 चे नियम तर तात्पुरत्या दुकानांमध्येही तीन मीटर अंतर ठेवावयास लावतात, दुकानाचे तोंड दुकानाकडे असू देत नाहीत आणि एका जागी पन्नासांहून अधिक दुकाने मांडू देत नाहीत. म्हणजे फटाका पुडक्यात निजलेला असेतोवर सरकार त्याच्यापासून जगाला दूर ठेवते; पुडके फुटून तो गल्लीत आला की ते अंतर पाहणारे कोणी उरत नाही.

नाही म्हणावयास 1999 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने आवाजाची मर्यादा ठरविली: फटाका फुटला त्या ठिकाणापासून चार मीटरांवर 125 डेसिबल. माळ असेल तर तीत जितके फटाके अधिक, तितकी प्रत्येकाची मर्यादा खाली. हे गणित निर्दोष आहे. मात्र ही परीक्षा मोकळ्या जागी, कठीण काँक्रीटच्या भूमीवर घ्यावी आणि स्फोटबिंदूपासून पंधरा मीटरांपर्यंत आवाज परतविणारी भिंत असू नये, अशी त्या नियमातच अट आहे. आता गिरगावातली वाडी डोळ्यांसमोर आणा, किंवा आमच्या सदाशिव पेठेतील एखादा बोळ, जेथे समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांतून वाटीभर साखर हातोहात जाते. पंधरा मीटर सोडाच, भिंत लागायला चार मीटरही जावे लागत नाही. प्रयोगभूमीवर कायदेशीर ठरलेला सुतळी बॉम्ब या बोळात फुटला की त्याचा नाद एका भिंतीवरून दुसरीवर आपटत जिन्यात शिरतो, माळवदावर चढतो आणि पहिल्या मजल्यावर दम्याने उठून बसलेल्या म्हातारीच्या खिडकीची काच थरथरवून मगच विरतो. अशा वेळी गुन्हा फटाक्याचा म्हणावा की बोळाच्या रुंदीचा?

अंतर साधेना, तेव्हा न्यायालयांनी वेळ हाती घेतली. 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. दिल्लीत बसून पाहिल्यास हा निवाडा केवळ निद्रेच्या रक्षणाचा दिसतो. परंतु महाराष्ट्रातील दिवाळी मुळात रात्रीची नाहीच. नरकचतुर्दशीस चंद्र असताच उठावे, अभ्यंग करावे, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावे आणि सूर्योदयापूर्वी पहिला फटाका आपण वाजविला म्हणून शेजारच्या वाड्याला हिणवावे, हा कुळाचार त्या दिवसापासून बेकायदा झाला. माझ्या बालपणी साडेचारला वाजलेला आमचा ॲटम बॉम्ब आज पोलिसांच्या लेखी दखलपात्र ठरता. पुढे 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालाने माळांना आणि बेरियमयुक्त दारूला बंदी झाली, आणि दिवाळीस रात्री आठ ते दहा एवढीच मुभा उरली. तेव्हा तमिळनाडूने, जेथे दिवाळी आपल्यासारखीच पहाटेची, न्यायालयाकडे गाऱ्हाणे नेऊन त्या दोन तासांतला एक तास सकाळी सहा ते सातचा करून घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 च्या नोव्हेंबरात शहराची काळवंडलेली हवा पाहून आधी सात ते दहा आणि चारच दिवसांत आठ ते दहा अशी वेळ बांधून दिली. त्या वर्षीही रात्री बारानंतर आवाज चालूच होते.

हा हुकूम का चालत नाही, याची कारणे पोलिसांच्या आळसात शोधण्याची आपली रीत आहे. मला कारण अधिक घरगुती वाटते. भोंग्यावर तक्रार करता येते, कारण भोंगा मंडळाचा असतो. फटाका मात्र शेजारच्या जोशांच्या नातवाचा असतो, आणि त्याच जोशांकडून आलेले चकल्या-कडबोळ्यांचे ताट अजून आपल्या ओट्यावर परत करावयाचे राहिलेले असते. शिवाय पुरावा कसला? हवालदार जिना उतरून येईतो मुद्देमालाची राख झालेली असते, आणि राखेचा पंचनामा करून मुचलका कोणाकडून घ्यावा? चोरट्या मार्गाने येणाऱ्या चिनी मालाने भर आणखी घातली. 1992 पासून आपल्याकडे गंधकाबरोबर क्लोरेट मिसळण्यास मनाई आहे, कारण ते मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेटते. पण न्हावा-शेवा बंदरात भलत्याच मालाच्या नावाखाली उतरलेले फटाके पकडले जातात, त्यावरून न पकडलेल्यांचा अंदाज बांधावा.

या दिवाळीत पाडव्याच्या रात्री मी पर्वतीच्या पायऱ्या चढलो. निम्म्या वाटेवर दम लागून बसलो तेव्हा खाली, जेथे शिंद्यांच्या माणसांनी कधी काळी लंका रचली असावी, तेथे घराला घर लागून वस्ती पसरली होती, आणि कोणाच्या तरी गच्चीवरून सुटलेला बाण दुसऱ्याच कोणाच्या तरी पत्र्यावर जाऊन पडत होता. घड्याळात साडेअकरा वाजले होते.